जैनीच्या दगडाची उंची

मी मानवशास्त्र घेतलं तेव्हा नागभीडच्या रेल्वे क्वार्टरांत त्याचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हता. नागपूरच्या कॉलेजात या विषयाला गर्दी कमी, प्रवेश लवकर मिळतो, एवढंच एका कारकुनानं सांगितलं होतं. बाबा स्टेशनवर सांधे बदलायच्या कामाला होते. त्यांनी शेजारीपाजारी मोठ्या अभिमानानं सांगून टाकलं की पोरगी मानसाचं शास्त्र शिकून राह्यली. झालं. पुढच्या सुट्टीत घरी आले तर पलीकडच्या क्वार्टरातल्या काकू लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून आमच्या ओट्यावर बसलेल्या. "पाह्य वो कुसुम, इथी दुखते. उठाबसाले त लयच." मी म्हटलं, काकू, मी डॉक्टर नाही. "मंग मानसाचं काय शिकते तू?" असं म्हणून त्या तरातरा निघून गेल्या, आणि बाबा त्या दिवशी माझ्याशी जरा कमीच बोलले.

आमच्या घरात तसंही बोलणं बेताचंच होतं. मी नऊ वर्षांची असताना आई गेली. त्यानंतर त्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. बाबांची ड्यूटी फिरती, त्यामुळे शाळेतून यावं तर चुलीपाशी झाकून ठेवलेला भात, वाटीत वरण, कधी अंबाडीची भाजी. भाताच्या गंजावर पालथी घातलेली थाळी गरम लागली तर बाबा नुकतेच गेले, गार लागली तर सकाळीच गेले, हे मी हात लावून ओळखायची. छोट्या लाइनीची गाडी शिट्टी देत आली की फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे, आणि ती गेली की घर पुन्हा गप्प. मी जेवायची, भांडी घासायची, आणि खिडकीत बसून फलाटावरच्या माणसांकडे बघत राहायची. कोण कुणाला पोचवायला आलं, कोण रडतं, कोण रडल्यासारखं करतं. माणसं लांबून न्याहाळायची सवय मला तिथंच लागली. जवळ जायची सवय लागायला घरी माणसंच नव्हती, हेही तितकंच खरं. आज नागपुरात तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी पुन्हा एकटीच खिडकीत बसते, तेव्हा एवढं शिकून मी नेमकी कुठं पोचले, असा प्रश्न मला पडतो.

आमचे सर पहिल्या तासाला आले ते थेट फळ्याकडे वळले. फळ्यावर त्यांनी एक माणूस काढला, हातपाय काड्यांचे, आणि त्याच्याकडे चार बाजूंनी चार बाण. पहिला बाण शरीराचा: माणूस माकडापासून वेगळा कसा झाला, हाडं काय सांगतात, एका मुलखातला माणूस दुसऱ्या मुलखातल्यासारखा का दिसत नाही. दुसरा मातीचा, म्हणजे पुरातत्त्व: मेलेल्यांनी मागे काय टाकलं, ते कुठल्या थरात सापडलं, आणि त्यावरून ते कसे जगले असतील. तिसरा भाषेचा. चौथा एकत्र राहण्याचा: लग्नं कुणाशी, जेवण कुणाबरोबर, देव किती, भांडण कोण मिटवतं. "कोणताही एक बाण धरून बसाल तर अर्धाच माणूस दिसेल," सर म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी दोन नियम सांगितले. माणसांमध्ये जाऊन काम करताना खोटं बोलायचं नाही, आणि त्यांच्या आयुष्यात ढवळाढवळ करायची नाही. मी दोन्ही नियम वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिले. तेव्हा मला वाटलं होतं की हे दोन्ही एकाच वेळी पाळता येतात.

शेवटच्या वर्षासाठी प्रत्येकानं एका गावात राहून चारही बाजूंनी अहवाल लिहायचा होता. सरांच्या ओळखीचे एक मास्तर गडचिरोलीच्या आतल्या जंगलात शाळा चालवत. बाबांनी मला पत्र्याची पेटी, पाच पायल्या तांदूळ आणि जवसाच्या चटणीचा डबा दिला, आरमोरीपर्यंत माझ्याबरोबर आले, आणि तिथं गाडी बदलताना म्हणाले, "तू जाऊन राह्यली ते ठीक. पन लोकाच्या घरात डोकावून पाहनं बरं दिसते का वो?" मी म्हटलं, बाबा, हे शास्त्र आहे. त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातात शेंगदाण्यांची पुडी ठेवली. गडचिरोलीच्या पुढे लाकडाचा ट्रक, मग पायवाट. मास्तरांनी मला रैनूबाबाच्या घरी पोचवलं आणि ते आपल्या शाळेकडे परत फिरले.

रैनूबाबा साठीच्या आसपासचा गोंड म्हातारा. तरुणपणी धानाच्या रोवणीच्या कामाला दरवर्षी आरमोरीकडे जायचा, म्हणून त्याला आमची बोली येत होती. गावात मराठी बोलणारी तो आणि त्याची सून मनकी, एवढीच. मुलगा जंगलतोडीच्या कामावर महिनोन् महिने बाहेर. बायको जैनी पाच महिन्यांपूर्वी वारलेली. मोहाचा हंगाम होता. पहाटेपासून मनकी टोपली घेऊन झाडाखाली, आणि अंगणभर वाळत घातलेल्या फुलांचा असा गोड, जड वास की पहिले चार दिवस माझं डोकं जड झालं होतं. सकाळी आंबील, दुपारी भात आणि पातळ कालवण, कधी लाल मुंग्यांची आंबट चटणी. ती मी पहिल्या दिवशी डोळे मिटून गिळली आणि आठव्या दिवशी मागून घेतली. संध्याकाळी मुसळाचा आवाज एका घरातून सुरू व्हायचा आणि मग दुसऱ्या, तिसऱ्या घरातून. सगळ्या गावाला काम होतं. वही घेऊन बसलेली मीच तेवढी बिनकामाची.

पहिला बाण पहिल्याच आठवड्यात मोडला. डोक्याची लांबीरुंदी मोजायचा मोठा वाकडा चिमटा मी पेटीतून काढला, तो पाहून पोरं पळाली आणि रैनूबाबानं विचारलं, "टोपी शिवून देतं का मले?" त्यानं डोकं मोजू दिलं. मनकीनं मात्र चिमटा कानापाशी येताच डोळे घट्ट मिटले आणि तिच्या गालावरून पाणी ओघळलं. ती नको म्हणाली नाही, म्हणून मी माप पूर्ण करून लिहून घेतलं. याची मला अजून लाज वाटते. चिमटा त्या दिवशी पेटीत गेला तो पुन्हा बाहेर आला नाही. भाषेचं काम त्यामानानं मजेचं झालं. पोरांनी मला गोंडी शब्द शिकवले, मी ते इमानदारीनं लिहिले, आणि गावच्या पुजाऱ्याला गुडघा दाखवून जो शब्द म्हटला तो गुडघ्याचा नव्हता. कशाचा होता ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पुजारी काठी टेकून बाहेर गेला आणि भिंतीआड जाऊन हसला.

चौथ्या बाणाला मात्र मीच अडकले. रैनूबाबानं नवव्या दिवशी विचारलं, "तुमचे देव किती?" मी आमच्या फळीवरच्या तसबिरी आठवून म्हटलं, सहा-सात असतील. तो पोट धरून हसला. मग त्यानं समजावलं की इथं प्रत्येक माणूस चार, पाच, सहा किंवा सात देवांचा असतो. सारख्या देवांची माणसं भाऊबहीण, त्यांच्यात लग्न नाही. ज्याचे देव माहीत नाहीत त्याच्याशी बोलायचं कसं, थट्टा करायची की खाली पाहायचं, हेच कुणाला कळत नाही. मला आठ दिवस गावात कुणी हाकच का मारली नव्हती, ते तेव्हा समजलं. त्यांच्याकडे माझ्यासाठी नावच नव्हतं. रैनूबाबा सहा देवांचा, जैनी सात देवांची. त्यानं चार लोकांसमोर मला सात देवांत घातलं. "आजपासून हे जैनीची लहान बहीन," तो म्हणाला. म्हणजे मी त्याची साळी आणि तो माझा भाऊजी. दुसऱ्या दिवसापासून तो माझी हक्कानं टिंगल करू लागला, बायका विहिरीवर हाक मारू लागल्या, आणि मी त्याला भाऊजी म्हणताना आधी लाजले आणि नंतर मला ते फार आवडू लागलं. एकवीस वर्षांत मला एवढी नाती कधी मिळाली नव्हती.

राहिला मातीचा बाण. गावाबाहेर, बोडीच्या म्हणजे लहान तळ्याच्या वरच्या अंगाला मेलेल्यांचे उभे दगड होते, पंचवीसेक, काही कमरेएवढे, काही डोक्याच्या वर. जैनीचा सगळ्यांत नवा. माणूस गेल्यावर जंगलातून दगड निवडून खांद्यावर आणायचा, गावाला जेवण द्यायचं आणि तो उभा करायचा, अशी तिथली रीत. मेलेलं माणूस समाधानी असेल तर दगड हळूहळू वर येतो आणि रुसलेलं असेल तर जमिनीत जातो, अशीही समजूत होती. मी प्रत्येक दगडाला टेप लावला आणि जमिनीपासून टोकापर्यंतची उंची लिहून घेतली. जैनीचा एकशे बत्तीस सेंटिमीटर. रैनूबाबा शेजारी उभा होता. "लिवलं का?" मी वही दाखवली. त्याला वाचता येत नव्हतं, तरी तो त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं विचारलं, "तुझ्या मायचा दगड कुठी हाये?" मी म्हटलं, आमच्यात दगड नसतो, अस्थी वैनगंगेत सोडल्या. "मंग ते खुश हाये का नाई, हे तुमाले कसं समजते?" समजत नाही, मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे इतक्या कणवेनं पाहिलं की मला रडू आलं, आणि मी टेप गुंडाळण्याच्या निमित्तानं पाठ फिरवली.

परीक्षेसाठी मी नागपूरला आले आणि पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत परत गेले. रैनूबाबा अंगणात काठी धरून उभाच. जोहार झाला, पाणी झालं, आणि लगेच, "टेप आनला का?" मनकीनं मला आत नेऊन सांगितलं की सहा महिने त्यानं गावाला एकच ऐकवलं होतं: माझी साळी येईल, तिच्या वहीत आकडा हाये, मंग समजेल. असं काय समजायचं होतं, तेही तिनं तेव्हाच सांगितलं. जैनीला ताप होता. त्या सकाळी दोघांचं कशावरून तरी वाजलं आणि हा रागानं मासे धरायला निघून गेला. दुपारी मनकी शेतातून आली तेव्हा जैनी भिंतीकडे तोंड करून गेलेली होती. घरात कुणी नव्हतं. "बाबा तेव्हापासून मासा खात नाई," मनकी म्हणाली.

हे ऐकल्यावर तरी मी थांबायला हवं होतं. पण मी एकवीस वर्षांची, हातात टेप, आणि वहीच्या पहिल्या पानावर लाल शाई. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दगडांपाशी गेलो. पुजारी आला, दहाबारा माणसं आली. मी टेप लावला. एकशे पंचवीस. टेप सरळ करून पुन्हा लावला. एकशे पंचवीस. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार, कारण रैनूबाबानं विचारलं, "किती?" खोटं बोलायचं नाही. "सात कमी," मी म्हटलं. "सात म्हंजे?" मी चार बोटं एकत्र धरून दाखवली. त्यानं माझ्या बोटांकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, आणि काठी न घेताच घराकडे चालू लागला. काठी पुजाऱ्यानं उचलली.

पुढचे चार दिवस मी विसरू शकत नाही. रैनूबाबा सकाळीच दगडांकडे जायचा आणि अंधार पडला की यायचा. मनकी माझा भात पानावर वाढून दारात ठेवायची आणि आत जायची. विहिरीवर गेले की बायकांचं बोलणं थांबायचं. मनकीला मी एकदा धरून विचारलं, तर ती म्हणाली, "तुमी काऊन सांगतलं?" त्यांनी विचारलं म्हणून, मी म्हटलं. "इचारलं म्हून का सांगाचं असते?" नागभीडच्या घरी मी एकटी होते, पण तिथं एकटेपण आधीपासूनच होतं, घरातल्या भांड्यांसारखं. इथं मला माणसं मिळाली होती आणि मी ती माझ्या हातानं घालवली होती. मला घरी जावंसं वाटत होतं आणि घरी जावं असं तिथं काही नव्हतं. अलीकडे विद्यार्थी मला फोन करून विचारतात, मॅडम, लोकांत राहून काम करताना सगळ्यात अवघड काय असतं? मी त्यांना रस्ते आणि पाणी सांगते.

पाचव्या दिवशी दुपारी मीच दगडांकडे गेले. माफी मागायची होती, पण कशाची ते नीट कळत नव्हतं. रैनूबाबा जैनीच्या दगडाला पाठ देऊन बसला होता. मी लांब उभी राहिले. आणि उभ्या उभ्या माझी नजर जमिनीवर गेली. मागच्या खेपेला तिथं टणक, लाल, पायांनी तुडवलेली जमीन होती. आता मऊ, राखाडी गाळ होता, त्यात सागाच्या कुजलेल्या पानांचे तुकडे. वरच्या बांदीचा, म्हणजे धानाच्या खाचराचा, बांध पावसात फुटलेला दिसत होता. मला एकदम सरांचा दुसरा बाण आठवला आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. दगड मोजताना एखाद्या पक्क्या खुणेपासून मोजायचा असतो, हे पहिल्या वर्षाचं पोर सांगेल. मी मोजला होता जमिनीपासून, आणि जमीनच वर आली होती.

मी म्हटलं, "भाऊजी, मी इथं जरा खुरपं लावू का?" तो दगडापासून थोडा बाजूला सरकला. मग म्हणाला, "तुई बहीन हाये. तू जान." मी घरी पळत जाऊन खुरपं आणलं आणि दगडाच्या पायाशी गाळ हलके हलके खरवडू लागले. गाळ सहज निघत होता. चार बोटं खाली खुरपं खट्टकन थांबलं. लाल जमीन, तिच्यावर राख, आणि राखेत खापराचे तुकडे. रैनूबाबा सरकून जवळ आला. त्यानं एक तुकडा उचलून अंगठ्यानं पुसला. "हे त आमचं मडकं," तो म्हणाला. "दगड उभा केला तवा मनकीनं इथीच फोडलं." मग त्यानं खुरपं बाजूला सारलं आणि दोन्ही हातांनी स्वतःच गाळ ओढू लागला, पार दगडाच्या भोवती, धापा टाकत. सगळीकडे तीच राख, तेच तुकडे. मी टेप खापरांच्या पातळीला धरला आणि वर नेला. खात्री करायला तो सोडून पुन्हा लावला.

"एकशे बत्तीस," मी म्हटलं. "वहीत होता तोच."

"म्हंजे खाली नाई गेली?"

"नाही. वरून माती आली. ती होती तिथंच आहे."

"पन वाढली बी नाई."

मला त्या क्षणी दोन बोटं वाढवून सांगायचा मोह झाला. कुणाला कळणार होतं? त्याला मी आनंदी करू शकले असते, आणि माझ्याशी पुन्हा सगळं गाव बोललं असतं. पण मनकीचे डोळे मिटलेले असताना मी एकदा माप लिहून घेतलं होतं, चार बोटंही मीच दाखवली होती. आता मला कुणाच्याही बाबतीत काहीच पदरचं घालायचं नव्हतं. "वाढलीही नाही," मी म्हटलं. "जशीच्या तशी आहे."

रैनूबाबा मातीचे हात मांडीवर ठेवून दगडाकडे पाहत राहिला. मग त्याचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतो आहे, म्हणून मी पुढे झाले, तर तो हसत होता. "अशीच होती बाप्पा हे," तो म्हणाला. "बजारातून लुगडं आनलं त चांगलं बी नाई म्हने, खराब बी नाई म्हने. ठेवून दे म्हने. तीस वर्स मले समजलं नाई, हे खुश हाये का नाराज." हसता हसता त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते कुठल्या क्षणी रडणं झालं ते मला कळलं नाही. त्यानं दगडाला हात लावला आणि गोंडीत बोलायला सुरुवात केली. आधी हळू, मग भांडल्यासारखं, हातवारे करून. मध्येच थांबायचा, ऐकल्यासारखं करायचा, पुन्हा सुरू. मला इतकं गोंडी येत नव्हतं. मासा हा शब्द तेवढा कळला, दोनदा आला.

अहवालात पुढे मी त्या दगडापुढे लिहिलं: उंची एकशे बत्तीस, बदल नाही. सरांनी ती ओळ तांबड्या पेन्सिलीनं खोडली आणि कडेला लिहिलं की बदल नसेल तर नोंदीची गरज नाही. मी वाद घातला नाही. काय सांगणार होते?

त्या दुपारी मात्र मी तिथून हलले नव्हते. मी जैनीची बहीण, गावानं चार लोकांत ठरवलेली, आणि मला वाटत होतं की आता तो मला जवळ बोलावील, मनकीला हाक मारील, आम्ही तिघं मिळून घरी जाऊ. मी खुरपं पुसलं. टेप गुंडाळला. तरी तो बोलतच होता. शेवटी त्यानं वळून पाहिलं आणि मी अजून तिथंच आहे हे पाहून त्याला नवल वाटलं. रागानं नाही, अगदी मायेनं म्हणाला, "बाई, तू जाय आता घरी. आमी बोलून राह्यलो."